डोंगराची वीज डोंगरात : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

ऊर्जेच्या बाबतीत स्वावलंबी होऊ पाहणाऱ्या डोंगराळ प्रदेशांविषयी वाचकांची बरीच पत्रे आली. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आल्प्स पर्वताच्या परिसरातील काही गावे स्वतःच्या गरजेपेक्षा अधिक वीज निर्माण करतात, असे वाचनात येते. ही गावे बाहेरच्या वीजजाळ्यापासून वेगळी असतात का? नसतील, तर त्यांचे स्वावलंबन कागदावरचेच नव्हे काय? (एक वाचक, पुणे)

बहुतेक गावे वीजजाळ्याला जोडलेलीच असतात, त्यामुळे आपली शंका रास्त आहे. जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात आल्प्सच्या पायथ्याशी असलेले विल्डपोल्ड्सरीड हे गाव या संदर्भात नेहमी सांगितले जाते. जेमतेम अडीच हजार वस्तीच्या या गावाने १९९९ पासून पवनचक्क्या, गोठ्यांतील शेणावर चालणारी बायोगॅस संयंत्रे, छपरांवरील सौरपट्ट आणि लाकडाच्या भुश्श्यावर चालणारी सामायिक उष्णता-व्यवस्था, असे एकेक करीत इतके काही उभारले, की आज तेथे गावाच्या गरजेच्या कित्येक पट वीज तयार होते. पवनचक्क्यांत गावकऱ्यांचेच भागभांडवल आहे. मात्र हा ‘कित्येक पट’ वर्षभराच्या जमाखर्चातला आहे. वारा पडलेल्या जानेवारीतल्या रात्री गाव जाळ्यातून वीज घेऊ शकते आणि उन्हाळ्यातल्या दुपारी जाळ्याला देते. हा हिशेब खोटा नाही, पण त्याची मर्यादा ओळखूनच तो वाचला पाहिजे.

आमच्या मते अधिक अभ्यासण्याजोगे उदाहरण इटलीच्या उत्तर टोकाला, दक्षिण टिरोल प्रांतात आहे. स्तेल्व्हिओ खिंडीच्या पायथ्याशी असलेल्या प्राड या गावात १९२०च्या दशकात स्थापन झालेली एक वीज सहकारी संस्था आहे. इटलीने १९६२ मध्ये वीजउद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले, तेव्हा छोट्या उत्पादकांना कायद्यात वगळले होते आणि त्या सवलतीत ही संस्था टिकून राहिली. आज तिच्याकडे ओढ्यांवरील छोटी जलविद्युत केंद्रे आहेत, लाकडाच्या कपच्यांवर चालणारी उष्णता-व्यवस्था आहे, सौरवीज आहे, आणि या सगळ्याइतकेच महत्त्वाचे म्हणजे गावातल्या तारा व खांबही तिच्याच मालकीचे आहेत. गावातली बहुसंख्य कुटुंबे सभासद आहेत आणि सभासदांना वीज बाजारभावापेक्षा स्वस्त मिळते.

तारांच्या मालकीवर भर देण्याचे कारण असे, की घराच्या छपरावर बसवलेली साधी सौरयंत्रणा बाहेरची वीज गेली की सुरक्षेसाठी आपोआप बंद पडते. भर उन्हात पट्ट तापलेले आणि घरात अंधार, असा प्रकार आपल्याकडेही अनेकांनी पाहिला असेल. ज्या गावाकडे स्वतःची जनित्रे, त्यांचा वेग सांभाळणारी यंत्रणा आणि स्वतःचे वीजजाळे आहे, त्याला मात्र गरज पडल्यास बाहेरचा सांधा तोडून काही काळ स्वतःच्या बळावर राहण्याची सोय करता येते. २८ सप्टेंबर २००३ रोजी स्वित्झर्लंडमधील एका वीजवाहिनीवर झाडामुळे बिघाड झाला आणि सार्डिनिया वगळता जवळजवळ सगळी इटली अंधारात गेली. असा प्रसंग डोळ्यांपुढे ठेवला, म्हणजे कागदावरचे स्वावलंबन आणि प्रत्यक्षातले स्वावलंबन यांतले अंतर स्पष्ट होते.

प्रश्न : डोंगराळ प्रदेश एकमेकांना अनुभव देतात, म्हणजे प्रत्यक्षात काय करतात? परिषदा आणि अभ्यासदौरे यांपलीकडे त्यात काही असते का? (एक निवृत्त ग्रामसेवक, नाशिक जिल्हा)

परिषदा आणि दौरे असतातच, आणि त्यांतले बरेचसे फराळापुरते असतात, हेही खरे. परंतु आल्प्सच्या प्रदेशात एक गोष्ट नेटाने झाली. स्वित्झर्लंडने १९८०च्या दशकाच्या अखेरीस नगरपालिकांच्या ऊर्जाकारभाराचे मूल्यमापन करून मानांकन देण्याची पद्धत सुरू केली. ती पाहून ऑस्ट्रियातील फोरार्लबर्ग, टिरोल आणि साल्झबर्ग या तीन राज्यांनी १९९८ मध्ये ‘ई-पाच’ नावाचा कार्यक्रम आखला आणि त्याच धाटणीचे मानांकन पुढे युरोपभर गेले.

त्यात सामील होणाऱ्या गावाला आधी एक ऊर्जापथक नेमावे लागते. त्यात ग्रामपालिकेचे लोक असतात आणि गावातले हौशी रहिवासीही असतात. मग सहा अंगांनी तपासणी होते. जमीनवापराचे नियोजन, सार्वजनिक इमारती, पुरवठा व विल्हेवाट, वाहतूक, कार्यालयीन कारभार आणि लोकांशी संवाद, ही ती सहा अंगे. बाहेरचा परीक्षक येऊन गुण देतो आणि गुणांनुसार गावाला एक ते पाच ‘ई’ मिळतात. सर्वोच्च दर्जासाठी शंभरातले ७५ गुण लागतात. येथे शंभर म्हणजे त्या गावाला जे शक्य आहे तेवढेच. ज्या गावात ओढा नाही, त्याला जलविद्युत नाही म्हणून गुण गमवावे लागत नाहीत. परीक्षेतली ही सवलत आम्हांला विशेष शहाणपणाची वाटते, कारण दोन डोंगरी गावांची थेट तुलना केली, तर ज्याच्या वाट्याला चांगला धबधबा आला तेच नेहमी पहिले येणार.

गुणपत्रिका एकाच साच्याची असल्यामुळे गावागावांत बोलायला समान भाषा मिळते. शेजारच्या गावाला शाळेच्या इमारतीच्या हिशेबात आपल्यापेक्षा अधिक गुण का, हे विचारायला ऊर्जापथकातला माणूस तेथे जातो आणि बिलांची फाइल पाहून येतो. फोरार्लबर्गच्या विधानसभेने २००९ मध्ये एकमताने २०५० पर्यंत ऊर्जा-स्वायत्त होण्याचा ठराव केला, त्यामागे अशा गावांची दहा-अकरा वर्षांची तालीम होती. ठराव झाला म्हणजे काम झाले असे अर्थातच नाही. जलविद्युतेने संपन्न असलेल्या या राज्यातही खरी अडचण वाहनांचे इंधन आणि घरे तापवण्याचा खर्च हीच आहे.

याला वरची चौकटही आहे. आल्प्समधील देशांनी १९९१ मध्ये साल्झबर्ग येथे आल्प्स करारावर सह्या केल्या, १९९८ मध्ये त्याला ऊर्जेविषयीचा स्वतंत्र मसुदा जोडला, आणि त्याची अंमलबजावणी गावपातळीवर व्हावी म्हणून १९९७ पासून ग्रामपालिकांची एक संघटना काम करते आहे. हिमालयाच्या बाजूला काठमांडूत १९८३ मध्ये स्थापन झालेली ‘इसिमोड’ ही आठ देशांची संस्था आहे, परंतु तिचे स्वरूप मुख्यतः संशोधनाचे आहे. गावांनी गावांशी थेट बोलावे, अशी व्यवस्था तेथे आल्प्सइतकी घट्ट नाही. दक्षिण आणि आग्नेय आशियातील लघुजलविद्युत क्षेत्रात काम करणाऱ्यांनी २०१३ मध्ये ‘एचपीनेट’ नावाचे जाळे उभारले, ते या दिशेने टाकलेले पाऊल आहे.

प्रश्न : नेपाळमध्ये खेड्यातल्या कारखान्यांतच पाणचक्क्या आणि छोटी जलविद्युत यंत्रे तयार होतात, असे ऐकले. हे तंत्रज्ञान तेथे कसे रुजले आणि ते खरोखर किती सोपे आहे? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

खेड्यात नव्हे, पण काठमांडू, बुटवल अशा शहरांतल्या लहान कारखान्यांत ती तयार होतात आणि भागाभागांनी माणसांच्या पाठीवरून खेड्यांत जातात. मुळात नेपाळच्या डोंगरांत ‘घट्ट’ नावाच्या हजारो पारंपरिक पाणचक्क्या होत्या. लाकडी पात्यांचे आडवे चाक आणि वर जाते. गढवाल-कुमाऊंमध्ये त्यालाच घराट म्हणतात. पाणी वळवणे, पाट काढणे, पाण्याची पाळी ठरवणे, हे सगळे ज्ञान गावात आधीच होते. १९६०मध्ये स्विस साहाय्याने काठमांडूत ‘बालाजु यंत्रशाळा’ सुरू झाली आणि तेथे, तसेच बुटवलमध्ये, आडव्या प्रवाहाच्या टर्बाइनवर काम झाले.

हे टर्बाइन म्हणजे दोन गोल चकत्यांच्या मध्ये पात्यांची रांग बसवलेले एक आडवे पिंप. त्यातले मर्म पात्यांत आहे. ओतकाम किंवा महागडे यंत्रकाम न करता बाजारात मिळणारा लोखंडी पाइप उभा कापला, की त्याच्या फाकेला जी वक्रता असते ती पाते म्हणून चालते. मग वेल्डिंग करायचे. याची कार्यक्षमता सर्वोत्तम टर्बाइनपेक्षा कमी असते, पण बिघडले तर तालुक्याच्या गावातला वेल्डरही ते दुरुस्त करू शकतो, आणि रस्त्यापासून दोन दिवस चालत असलेल्या गावात हा गुण कार्यक्षमतेपेक्षा मोठा आहे. नेपाळमध्ये घडलेले हे आराखडे पुढे स्विस सल्लागारांमार्फत इंडोनेशियातील कारागिरांकडेही गेले आणि तेथे आणखी सुधारले.

आणखी एक गोष्ट आपल्या अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. सुरुवातीला ही यंत्रे विजेसाठी बसवलीच नव्हती. दिवसा पट्ट्याने भात कांडायचे, पीठ दळायचे, तेलाचा घाणा चालवायचा, आणि संध्याकाळी तोच पट्टा जनित्रावर चढवून दिवे लावायचे, असा क्रम होता. त्यामुळे गिरणीच्या उत्पन्नातून यंत्राचे कर्ज फिटत असे. केवळ दिव्यांसाठी उभारलेल्या प्रकल्पाला संध्याकाळचे चार-पाच तासच गिऱ्हाईक असते आणि उरलेला दिवस पाणी फुकट वाहते. १९८०च्या दशकाच्या मध्यास नेपाळ सरकारने १०० किलोवॅटपर्यंतच्या केंद्रांना परवान्यातून मुक्त केले आणि १९९२च्या कायद्याने ही मर्यादा १००० किलोवॅटवर नेली. परवान्यासाठी राजधानीच्या फेऱ्या चुकल्या, हे या क्षेत्राच्या वाढीचे एक मोठे कारण आहे.

अगदी लहान गरजेसाठी काठमांडूचे अकलमान नकर्मी यांनी ‘पेल्ट्रिक सेट’ विकसित केला. पेल्टन चाक (वाट्यांवर पाण्याची धार आदळून फिरणारे चाक) आणि विद्युतजनित्र एकाच उभ्या दांड्यावर बसवलेला हा संच एक ते पाच किलोवॅटच्या घरातला असतो, आणि एक-दोन माणसे तो उचलून नेतात. हिशेबही सोपा आहे. प्रवाह लिटर प्रतिसेकंदात, पाण्याच्या पडण्याची उंची मीटरमध्ये, दोहोंचा गुणाकार आणि त्याला पाचाने गुणले, की उपलब्ध शक्ती अंदाजे वॅटमध्ये मिळते. म्हणजे सेकंदाला २० लिटर पाणी ३० मीटरवरून आणले, तर सुमारे ३ किलोवॅट. सिद्धान्ताने येणारा आकडा याच्या जवळपास दुप्पट असतो. बाकीची शक्ती पाइप, टर्बाइन आणि जनित्र यांत खर्ची पडते.

सोपे वाटणाऱ्या या व्यवस्थेत अवघड भाग एकच, तो म्हणजे वेग सांभाळणे. गावाने एकदम दिवे मालवले, तर जनित्रावरचा भार हलका होऊन ते सुसाट धावते, आणि मग व्होल्टेज चढून उरलेल्या घरांतले दिवे व टीव्ही जळतात. मोठ्या केंद्रात पाणी कमी-जास्त करणारी यंत्रणा असते, पण ती महाग आणि नाजूक. लहान केंद्रात उलटा मार्ग धरतात. पाणी एकसारखे चालू ठेवायचे आणि गावाने न वापरलेली वीज इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाद्वारे आपोआप तापकाकडे वळवायची. जनित्राला सतत सारखाच भार दिसतो. बऱ्याच ठिकाणी हे तापक पाण्याच्या टाकीत बुडवलेले असतात आणि केंद्र सांभाळणाऱ्याला अंघोळीचे पाणी आयते मिळते. हा नियंत्रक जळाला, की मात्र गावाचे गाडे अडते. म्हणूनच केंद्र पाहायला जाल, तेव्हा टर्बाइनचे कौतुक करून झाल्यावर नियंत्रकाचे सुटे भाग कोठे ठेवले आहेत आणि चालकाला पगार कोण देतो, हे दोन प्रश्न जरूर विचारावेत. नेपाळमध्येच नव्हे, तर पाकिस्तानातील गिलगिट आणि चित्राळ भागात १९८२पासून आगाखान ग्रामीण साहाय्य कार्यक्रमाने जी केंद्रे उभारली, तेथेही बांधकामाआधी ग्रामसंघटना आणि देखभालीची जबाबदारी ठरवण्यावर भर होता.

प्रश्न : गावाने पदरमोड करून छोटे केंद्र उभारले आणि पाच वर्षांनी सरकारी वीज दारात आली, तर त्या केंद्राचे काय होते? (एक वाचक, चिपळूण)

अनेकदा ते गंजते. श्रीलंकेच्या डोंगरांत गावकऱ्यांनी वीजग्राहक मंडळे स्थापन करून अशी अनेक केंद्रे चालवली. दरमहा वर्गणी, श्रमदान, आळीपाळीने पाटाची सफाई, सगळे व्यवस्थित होते. पुढे सरकारी तारा आल्या. त्या विजेवर इस्त्री चालते, फ्रीज चालतो, आणि पावसाळ्यात पाटातला गाळ उपसायला जावे लागत नाही. लोक निघून गेले, तर त्यांना दोष देता येत नाही. काही मंडळांनी मात्र केंद्र वीजजाळ्याला जोडून वीज विकण्याचा मार्ग घेतला.

नेपाळमध्ये दोन निराळे प्रयोग झाले. बागलुंग जिल्ह्यात २०११च्या सुमारास एकाच खोऱ्यातली सहा छोटी केंद्रे एका वाहिनीने जोडून १०७ किलोवॅटचे स्थानिक जाळे तयार केले गेले. एका केंद्रात संध्याकाळी वीज अपुरी पडे, त्याच वेळी शेजारच्यात उरत असे. ती अडचण त्यामुळे कमी झाली आणि केंद्रांनी वीज सहकारी संस्थेला विकायची, संस्थेने ग्राहकांना, अशी विभागणी झाली. दुसरा प्रयोग नुवाकोट जिल्ह्यातील स्याउरेभूमीचा. तेथले २३ किलोवॅटचे केंद्र २०१८च्या जानेवारीत राष्ट्रीय वीजजाळ्याला जोडले गेले. नेपाळमधील असे हे पहिलेच सूक्ष्म केंद्र. आकडा किरकोळ असला, तरी वीज प्राधिकरण एवढ्या लहान उत्पादकाशी खरेदी करार करू शकते, हे त्यातून सिद्ध झाले. आपल्याकडे कोणी असे केंद्र उभारणार असेल, तर ‘तारा आल्यावर पुढे काय’ हे कलम पहिल्याच दिवशी करारात असावे, असा आमचा आग्रह राहील.

प्रश्न : लडाखमध्ये सूर्यप्रकाश विपुल आहे. सौरविजेने तेथील हिवाळ्याचा प्रश्न सुटणार नाही का? (ठाणे)

विजेने तो सोडवणे हा खर्चीक मार्ग आहे. तेथील मोठी गरज उष्णतेची आहे आणि ऊन थेट भिंतीत साठवता येते. दक्षिणेकडील जाड भिंतीला गडद रंग देऊन तिच्यापुढे काही सेंटिमीटरवर काच बसवली, की भिंत दिवसभर तापते आणि रात्री खोलीत ऊब सोडते. ही ‘त्रोंब भिंत’ फ्रान्समधील शास्त्रज्ञ फेलिक्स त्रोंब यांच्या नावाने ओळखली जाते. १९६०च्या दशकात त्यांनी वास्तुविशारद झाक मिशेल यांच्यासमवेत पिरेनीज पर्वतातील ओदेयो येथे अशी घरे बांधली. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून स्वयंसेवी संस्थांनी ती लडाखमध्ये आणली आणि तेथील मातीच्या विटांच्या जाड भिंतींशी तिचा चांगला मेळ बसला. २०१९मध्ये श्रीनगर-लेह वाहिनी सुरू होऊन लेह राष्ट्रीय वीजजाळ्याशी जोडले गेले, तरी सरपण आणि शेणाच्या गोवऱ्या वाचवण्याचा हाच स्वस्त उपाय आहे. घराचे तोंड उत्तरेला असेल, तर मात्र तो उपयोगाचा नाही.

प्रश्न : आमच्या वाडीजवळ ओढा आहे. सह्याद्रीत हिमालयासारखे काही करता येईल का? आमच्या डोंगरांतल्या पाण्यावर एवढी वीज होते, ती जाते कोठे? (वाचक, भोर तालुका)

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपणांस ठाऊक आहेच. टाटांचे खोपोलीचे केंद्र १९१५मध्ये सुरू झाले, ते मुंबईसाठी. भिवपुरी आणि भिरा त्यामागून आले आणि मुळशी धरणासाठी जमिनी गेलेल्या मावळकरांचा सत्याग्रह १९२१चा. कोयनेचे १९६० मेगावॅटही राज्याच्या जाळ्यात जातात. राज्याला त्यांची गरज आहे, परंतु पाणी डोंगराचे आणि निर्णय खालच्यांचा, ही रीत सह्याद्रीत शंभर वर्षांची आहे, आणि प्राडच्या सहकारी संस्थेकडून घ्यायचे असेल, तर यंत्रापेक्षा आधी हेच घ्यावे लागेल.

आता आपल्या ओढ्याविषयी. हिमालयातील अनेक ओढ्यांना बर्फाचे पाणी उन्हाळ्यातही मिळते. आल्प्सला पाऊस आणि बर्फ वर्षभर विभागून मिळतात. सह्याद्रीत चार महिन्यांत सगळा पाऊस पडतो आणि कातळ तो धरून ठेवत नाही, त्यामुळे संक्रांतीनंतर बहुतेक ओढे आटतात. येथे नेपाळची नक्कल चालणार नाही. आपल्याला जवळचा धडा कर्नाटकाच्या मलनाडमध्ये आहे. तेथील सुपारी आणि कॉफीच्या बागांतील घरांनी एक किलोवॅटच्या आसपासचे संच बसवले आहेत. पावसाळ्यात, म्हणजे वादळाने तारा तुटतात आणि ऊन नसते नेमके तेव्हा, ते जोरात चालतात. उरलेल्या महिन्यांसाठी सौरपट्ट हा स्वाभाविक जोडीदार ठरतो. जुन्नर तालुक्यातील दरेवाडीत २०१२मध्ये पुण्याच्या ‘ग्राम ऊर्जा’ने साडेनऊ किलोवॅटच्या आसपासचे सौर सूक्ष्मजाळे सुमारे ४० घरांसाठी उभारले. कारभार ग्रामस्थांच्या न्यासाकडे आणि बिल मीटरप्रमाणे. ते जाऊन पाहावे, आणि त्यांच्याकडून बॅटऱ्या बदलण्यासाठी पैसे कसे बाजूला काढतात, हे विचारावे.

आपल्या ओढ्याची परीक्षा घरच्या घरी होते. दिवाळीनंतर, पुन्हा संक्रांतीला आणि पुन्हा होळीला, ओढ्याचे पाणी एका ठिकाणी आडवून पन्हळीतून १५ लिटरच्या बादलीत सोडावे आणि बादली किती सेकंदांत भरते ते पाहावे. पाच सेकंद लागले, तर प्रवाह सेकंदाला ३ लिटर. उंची मोजायला गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी पुरते. नळी धरून टप्प्याटप्प्याने उतारावर खाली जायचे आणि टप्प्यांची बेरीज करायची. ती ४० मीटर भरली, तर पाचाने गुणून अंदाजे ६०० वॅट मिळतील. दहा-बारा घरांचे एलईडी दिवे आणि मोबाइल त्यावर निघतील, पिठाची गिरणी निघणार नाही. पावसाळ्यात जाळीवर पाने आणि गाळ रोज अडकेल, तेव्हा ती रोज साफ करणारे घर आधी ठरवून ठेवावे. तिन्ही वेळांची मापे आणि वाडीतल्या घरांची संख्या लिहून घेऊन मगच महाऊर्जा या राज्याच्या अपारंपरिक ऊर्जासंस्थेच्या विभागीय कार्यालयात जावे. होळीच्या मापात बादली भरायला पाऊण मिनिट लागत असेल, तर टर्बाइनचा विचार सोडून थेट सौरपट्टांचीच चौकशी करावी.